ऑटो-डिमिंग आरसा: सात-आठ महिने वापरल्यावर, आणि तो खरंच चालतोय का हे कसं बघायचं

गाडीचं टॉप व्हेरियंट घेतलं त्यात आतला आरसा ऑटो-डिमिंगवाला आला, म्हणजे रात्री मागच्या गाडीचा लाईट पडला की आपोआप काळपट होणारा. आता सात-आठ महिने झालेत, उन्हाळा पावसाळा दोन्ही बघून झाले, म्हणून सविस्तर लिहितोय. मला हे फीचर मनापासून आवडलंय. पण ते चालतंय की नाही हे आपलं आपणच तपासावं लागतं, कारण मी सर्व्हिसला विचारलं तेव्हा तिथल्या माणसाने आरशावरचा हिरवा दिवा बघितला आणि "लाईट लागतीये ना साहेब, मग चालू आहे" म्हणून मोकळा झाला. हिरवा दिवा म्हणजे फक्त फीचर ऑन आहे, काच काळी होतेय का नाही ते त्यावरून अजिबात कळत नाही.

आधी हे चालतं कसं ते सांगतो, म्हणजे तपासायचं काय ते कळेल. आरशात दोन काचा असतात आणि मधे जेलचा पातळ थर, त्याला साधारण एक-सव्वा व्होल्ट दिला की तो काळवंडतो, करंट काढला की परत साफ होतो. जेंटेक्स नावाची मिशिगनची कंपनी आहे, धुराचे डिटेक्टर बनवायची, तिने १९८७ साली असा जेलवाला आरसा बाजारात आणला. आरशाला डोळे दोन. एक पाठीमागे, म्हणजे पुढच्या काचेकडे बघणारा, तो बाहेर उजेड आहे की अंधार ते बघतो. दुसरा आरशाच्या तोंडावर किंवा खालच्या पट्टीत, छोटा गोल ठिपका दिसतो तो, तो मागून येणारा लाईट बघतो. पुढे अंधार आणि मागून झगझगाट, दोन्ही जुळलं तरच काच काळी होणार. बहुतेक गडबडी या "दोन्ही जुळलं तरच" मधे आहेत.

शहरात काय होतं, रस्त्यावर दिवे, दुकानांचे बोर्ड, समोरून येणाऱ्या गाड्या, त्यामुळे पुढच्या सेन्सरला अंधार वाटतच नाही आणि आरसा जेमतेम काळा होतो. लोक पुण्यात चालवून म्हणतात की काही फरक नाही, बंद असेल. अहो शिरवळ सोडून अंधारातल्या हायवेला लागा आणि मग बघा. आमचं कोल्हापूरला जाणं-येणं कायम असतं, मागे पांढरे एलईडी बल्ब टाकलेली गाडी हाय बीमवर चिकटली की आधी डोळे चुरचुरायचे, आता आरशात हिरवट-निळसर दोन ठिपके दिसतात आणि गाडी किती लांब आहे तेही कळतं. जुन्या आरशाची खालची दांडी ओढली की झगमग जायची पण चित्रच एवढं अंधुक व्हायचं की मागे काय चाललंय कळायचं नाही, त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. एक आहे, काळं व्हायला काही सेकंद लागतात, त्यामुळे खंबाटकीच्या वळणांवर मागचा झोत येतो-जातो तेव्हा आरसा थोडा मागे पडतो.

आता टेस्ट, भरदिवसा करता येते. इग्निशन ऑन, गिअर न्यूट्रल किंवा पार्क, आरशाचा ऑटो चालू. पुढच्या काचेकडचा सेन्सर काळ्या इलेक्ट्रिक टेपने पूर्ण झाका, नुसतं बोट ठेवलं तर बाजूने उजेड शिरतो. मग मोबाईलचा टॉर्च समोरच्या ठिपक्यावर धरा. माझ्या आरशात आधी कडा गडद होतात आणि मग मधला भाग, बघायला फार छान वाटतं. टॉर्च तसाच ठेवून ब्रेक दाबा आणि रिव्हर्स टाका, काच लगेच साफ व्हायला लागली पाहिजे, कारण मागे घेताना आरसा स्वच्छ दिसावा अशीच रचना असते. शेवटी टेप काढा, हळूहळू पूर्ण साफ झाली म्हणजे सगळं ठीक. सगळी काच एकसारखी काळी होतेय का तेही बघा, मधे पिवळा डाग, बुडबुडे किंवा ओघळ दिसले तर जेल गळतंय, वॉरंटीत असाल तर लगेच दाखवा. आणि ते जेल हाताला लागू देऊ नका, लागलंच तर भरपूर पाण्याने धुवा.

माझ्या गाडीत दुसरीच भानगड निघाली. सुरुवातीला आरसा दिवसाच थोडा काळा राहायचा. झालं असं होतं की डिलिव्हरीच्या वेळी फास्टॅग चिकटवला तो नेमका सेन्सरच्या समोर. पुढच्या डोळ्यावर पट्टी, त्याला कायमची रात्र, मागून दिवसाचा उजेड, मग काळं होणारच ना. फास्टॅग सोलून काढला की खराब होतो, दुसरीकडे लावता येत नाही, बँकेकडून नवीन घ्यावा लागला तो बाजूला सरकवून लावला, त्या दिवसापासून कटकट नाही. फास्टॅग २०२१ पासून सगळ्यांनाच सक्तीचा आहे, तेव्हा नवीन गाडी घेणाऱ्यांनी चिकटवणाऱ्याच्या बाजूला उभं राहून जागा दाखवा. डॅशकॅमचंही तेच. मागच्या काचेला जाळी किंवा गडद फिल्म असेल किंवा गणपतीला गावी जाताना छतापर्यंत सामान भरलं असेल तर उलटं होतं, मागच्या डोळ्याला लाईटच पोचत नाही आणि आरसा काळा होत नाही. आरसा पुसताना स्प्रे थेट काचेवर मारू नका, कपड्यावर मारा.

तक्रार एकच, बाहेरचे आरसे साधेच आहेत. उजव्या आरशातून ट्रकचा लाईट सरळ डोळ्यात येतो आणि आतला आरसा कितीही चांगला असला तरी तिथे काही करू शकत नाही. रात्री हायवेला नेहमी जात असाल तर नक्की घ्या, फक्त शहरात फिरणार असाल तर यासाठी व्हेरियंट वाढवू नका. सेकंड हँड घेत असाल तर टेपचा तुकडा खिशात ठेवून जा आणि पैसे द्यायच्या आधी वरची टेस्ट करा, हा आरसा बदलायचा म्हटलं तर साध्या आरशापेक्षा खूपच महाग पडतो.