एच-४ हॅलोजन की एलईडी: घाटरस्त्याने जाणाऱ्यांसाठी

ज्या गाडीला कारखान्यातूनच एलईडी दिवे आले आहेत, तिचा येथे विचार नाही. प्रश्न आहे तो हेडलाइटमधला एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब काढून त्याच होल्डरमध्ये बाजारातला एलईडी बसवावा का, एवढाच.

एच-४ मध्ये अप्परसाठी (लांबवर जाणारा झोत) ६० वॅटचे आणि डिपरसाठी (खाली झुकलेला झोत) ५५ वॅटचे, अशी दोन फिलामेंट असतात. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची चिमुकली वाटी असते. खाली जाणारा प्रकाश ती अडवते, म्हणून तो रिफ्लेक्टरवरून उसळून समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जात नाही. रिफ्लेक्टरचा बाकच मुळी या फिलामेंटची जागा धरून ठरवलेला असल्यामुळे एलईडीच्या उजेड देणाऱ्या चिपा मिलिमीटरभर जरी इकडेतिकडे असल्या, तरी फोकस विस्कटतो. साताऱ्यात दुकानदाराच्या आग्रहाला बळी पडून मी एलईडी बसवले आणि गाडी भिंतीपासून २५ फुटांवर उभी केली. हॅलोजनच्या डिपरची वरची कड सरळ आणि रस्त्याची डावी बाजू दिसावी म्हणून डावीकडे चढती होती. एलईडी लावताच ती कड पुसली गेली आणि उजेड वरच्या गॅलरीपर्यंत पोचला. पुढे यवतेश्वरच्या घाटात धुके लागले, तेव्हा समोर पांढरा पडदाच उभा राहिला.

एलईडीला वीज कमी लागते, हे खरे. चिपाही दीर्घकाळ टिकतात, मात्र उष्णता बुडाशी साठत असल्याने स्वस्त मालात आधी बल्ब थंड ठेवणारा पंखा बंद पडतो, मग चिपा जातात. हॅलोजनचे आयुष्य काही शे तासांचे असले, तरी बल्ब कोणत्याही गावी मिळतो. (१००/९० वॅटचे हॅलोजन हा पर्याय समजू नये, त्यांनी होल्डर वितळतो.)

नंबरप्लेट आणि आतला दिवा यांत एलईडी खुशाल घालावेत. इंडिकेटरमध्ये घातल्यास वीज कमी ओढली गेल्याने अनेक गाड्यांत फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग), एखादा बल्ब गेला असावा तसा, भराभर उघडझाप करतो.

गळीत हंगामात कराड-सांगलीकडे मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या लांबून दिसायला हव्यात, म्हणूनच बहुतेकांना एलईडीचा मोह होतो. त्यांनी आधी पिवळी पडलेली काच पॉलिश करावी, दोन्ही हॅलोजन एकदम बदलावेत आणि फोकस भिंतीवर जुळवून घ्यावा. माझ्या गाडीत आता हीच व्यवस्था आहे. एलईडीची जोडी डिकीत पडून आहे.