बांगडा की पीनट बटर?
बरणीवर ‘१०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम प्रथिनं’ वाचलं की पीनट बटरने बाजी मारली असं वाटतं; बांगड्यात साधारण २०च. पण १०० ग्रॅम बटर खातं कोण? पोळीला दोन मोठे चमचे फासले की प्रथिनं ७-८ ग्रॅम आणि कॅलरी जवळपास १९०. रवा लावून तळलेल्या बांगड्याच्या चार तुकड्या मात्र जेवता जेवता संपतात (तेल तेवढं हात राखून). शिवाय ईपीए-डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्लं आणि बी-१२ बांगड्यातच, शेंगदाण्यात नाहीत. बटरकडे तंतू, ई जीवनसत्त्व, मॅग्नेशियम. आणि काटे नाहीत! घेताना साखर-पामतेल नसलेलं बघा. आमच्याकडे ताजा बांगडा मिळाला की बटरची बरणी मागे सरते, ती थेट श्रावणात पुढे येते.