व्ह्यूबॅग: आठ महिन्यांचा वापर आणि एक कोरा रकाना

पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्याला हिशोबपट्टी छापायचं सॉफ्टवेअर एएसपी डॉट नेट कोअरमध्ये (मायक्रोसॉफ्टची वेब-सॉफ्टवेअर बनवायची चौकट) करून दिलं. त्यात कंट्रोलरकडून (हिशोब करणारा कोड) व्ह्यूकडे (पान मांडणारा कोड) माहिती न्यायला व्ह्यूबॅग वापरला तो निव्वळ आळसापायी. कंट्रोलरमध्ये एक ओळ, व्ह्यूमध्ये एक ओळ, वेगळा क्लास लिहायची कटकट नाही. पैसेही तुटपुंजे ठरले होते, म्हणून मीही हात आखडता घेतला. आठ महिने एक तक्रार नाही.

मग एका दुपारी कोड आवरताना कंट्रोलरमधलं हमालीचं स्पेलिंग 'सुधारलं'. एमनंतर दोन ए होते, एक ठेवला. व्ह्यूत दोनच राहिले. बिल्ड (कोडमधून चालतं सॉफ्टवेअर तयार करणं) बिनबोभाट झाला. दुसऱ्या दिवशी फोन: "दादा, पट्टीवर हमाली कोरी येतीये. शेतकरी विचारतोय, मग पैसे कशाचे कापले?" बेरीज बरोबर होती, ती कंट्रोलरमध्येच होते, रकाना तेवढा रिकामा. हमाली-तोलाईवरून आपल्या जिल्ह्यात किती वाजतं ते सांगायला नको. नाशिकहून गाडी काढली, पेट्रोल-टोल खिशातला, आणि सकाळपासूनच्या सगळ्या पट्ट्या पुन्हा छापून दिल्या.

चूक माझी, मान्य. पण व्ह्यूबॅग म्हणजे व्ह्यूडेटाच्या डिक्शनरीवर (नाव आणि किमतीच्या जोड्यांची यादी) चढवलेला डायनॅमिक मुखवटा, म्हणजे नावं बिल्डच्या वेळी तपासलीच जात नाहीत. नाव सापडलं नाही की गुपचूप नल (किंमतच नाही) देतो, आणि व्ह्यूचं पान तयार करणारं रेझर नलच्या जागी काहीच छापत नाही. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक तो पोटात घालतो; जास्तीच्या एका ए-ला मात्र माफी नाही. एरर आली असती तर मी शिव्या खाल्ल्या असत्या, पण व्यापारी शेतकऱ्यासमोर चोर ठरला नसता.

आता सगळ्या पट्ट्या व्ह्यूमॉडेलवर, म्हणजे रकान्यांची नावं पक्की लिहिलेल्या क्लासवर, नेल्यात. मुद्दाम स्पेलिंग बिघडवून पाहिलं: कोअरमध्ये व्ह्यूही बिल्डबरोबर कंपाइल होतात, त्यामुळे बिल्ड तिथंच अडला. (याच्या आधीच्या एमव्हीसी ५ या चौकटीत त्यासाठी प्रोजेक्ट फाइलमध्ये वेगळं सेटिंग चालू करावं लागायचं.) जो क्लास टाळत होतो तो अर्ध्या तासात झाला. पिंपळगावच्या फेरीत अख्खा दिवस गेला होता.

माहिती न्यायच्या टेम्पडेटा या दुसऱ्या सोयीबद्दल मात्र मत बदललं. रीडायरेक्ट झालं (ब्राउझर दुसऱ्या पानावर पाठवला) की व्ह्यूबॅगमधलं सगळं जातं, टेम्पडेटा एकदा वाचेपर्यंत टिकतो. 'पट्टी सेव्ह झाली' एवढ्या निरोपाला उत्तम. पुन्हा वाचायचं तर त्याच्या पीक किंवा कीप या मेथड आहेतच. अख्खी पट्टी त्यात कोंबायला गेलो तर सरळ एरर देऊन मोकळा झाला, साधे डेटाटाइपच घेतो. तेव्हा चिडलो होतो. आता वाटतं, व्ह्यूबॅगनं एवढं तरी तोंड उघडायचं होतं.

व्ह्यूबॅग ठेवलाय, पण फक्त पानाच्या टायटलपुरता. ते कोरं आलं म्हणून पिंपळगावहून कुणी फोन करणार नाही.