काकांची शुगर: गावचं उपकेंद्र की आयुष्मान कार्ड?

मावसभाऊ विचारत होता, काकांना बीपी-शुगर आहे, गावच्या आरोग्य मंदिरात (म्हणजे उपकेंद्रात) दाखवू की आयुष्मान कार्डावर शहरात नेऊ? दोन्ही केंद्र सरकारच्या 2018 च्या आयुष्मान भारत योजनेतलेच, पण कामं वेगळी, आणि हेच लोकांना कुणी नीट सांगत नाही.

खर्चाचं बघ, कार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाख मिळतात खरे पण ते अॅडमिट झाल्यावर, दर महिन्याच्या गोळ्या नि ओपीडी त्यात नाही. उपकेंद्रात तपासणी, गोळ्या फुकट (साठा असेल तर, तो आधी विचारून जा!), 30 च्या पुढच्यांचं बीपी-शुगर तिथेच बघतात.

हेलपाट्यांत उपकेंद्र सरळ जिंकतं. सीएचओ (उपकेंद्रातले आरोग्य अधिकारी) गावातच, गरज पडली तर ई-संजीवनीवरून (सरकारची ऑनलाइन सल्ला सेवा) डॉक्टरशी बोलणं करून देतात. कार्डाला मात्र यादीतलंच हॉस्पिटल शोधा, मंजुरीची वाट बघा.

खरी बोंब जोडणीची आहे. 14 आकडी आभा नंबर (आरोग्याच्या कागदांसाठीची डिजिटल ओळख) काढला तरी शहरातले कागद गावात आपोआप पोचतील या भरवशावर राहू नको, फाइल हातात ठेव.

रोजच्या शुगरला उपकेंद्र. अँजिओप्लास्टी, डायलिसिस असलं काही निघालं तर कार्ड. काका सत्तरीच्या वर असतील तर उत्पन्न न बघता कार्ड मिळतं, ते आत्ताच काढून ठेव.