क्रूझच्या व्हिसासाठी नागपूरच्या धरमपेठेतलं हे ऑफिस, आमचा अनुभव

आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून दिवाळीनंतर त्यांना घेऊन सिंगापूर, पेनांग, फुकेत अन् परत सिंगापूर अशी क्रूझ ठरवली. बुकिंग आधी केलं अन् व्हिसाचं नंतर पाहिलं, तसं तुम्ही करू नका.

आधी इतवारीतल्या एका ओळखीच्या एजंटकडे गेलो, तर ते म्हणे काहून टेन्शन घेऊन राहिले, मलेशिया थायलंड फ्री आहे अन् सिंगापूरला तर तुम्ही फक्त जहाज पकडायला चालले, ९६ तास बिनाव्हिसाचं चालते. बाबा तर हो म्हणून मोकळे झाले. मला काही पटलं नाही म्हणून मैत्रिणीनं सांगितलेल्या ह्या ऑफिसात आले.

इथल्या ताईंनी पैशाचं बोलायच्या आधी क्रूझचं बुकिंग मागितलं अन् एका कागदावर ओळीनं बंदरं लिहिली, कुठून चढता, कुठे थांबते, उतरता कुठे. मग सांगितलं की ती ९६ तासांची सवलत अमेरिका, युके, जपान, ऑस्ट्रेलिया अशा ठराविक देशांचा चालू व्हिसा असलेल्यांसाठी आहे, आईबाबांचे पासपोर्ट तर कोरे. अन् जे मला कधी सुचलंच नसतं ते म्हणजे आपण सिंगापुरात दोनदा शिरतो, एकदा विमानानं अन् एकदा जहाजानं, म्हणून व्हिसा हातात आला की त्यावर मल्टिपल, म्हणजे एकाहून जास्त वेळा शिरता येतं असं, लिहिलंय का ते आधी बघायचं. बाबांनी विचारलं फुकेतला उतरलोच नाही तर? ताई म्हणाल्या काका, तुम्ही खोलीत बसून राहिले तरी जहाजवाले चढतानाच सगळ्या बंदरांचे कागद मागू शकतात, कमी पडले तर चढू देत नाहीत. बाबा एकदम गप्प झाले.

बाबांच्या पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी उरली होती, तेही ताईंनीच पकडलं, मग आधी तो रिन्यू करावा लागला. बाकी फॉर्म १४ए (सिंगापूरच्या व्हिसाचा अर्ज), पांढऱ्या बॅकग्राउंडवर ३५ बाय ४५ मिलिमीटरचा मॅट फोटो (आईचा फोटो चमकत होता, परत काढायला लावला), बँक स्टेटमेंट, विमानाची तिकिटं. सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही हेही आधीच सांगितलं. व्हिसा ईमेलवर आला, मल्टिपल होता, आईनं दोनदा वाचून खात्री केली.

निघायच्या तीन दिवस आधी ताईंनी स्वतः फोन करून ऑनलाइन अरायव्हल कार्डं (देशात शिरायच्या आधी भरायची माहिती) भरायला लावली, मलेशियाचं वेगळं, थायलंडचं वेगळं अन् सिंगापूरचं दोनदा, परतीच्या वेळी पुन्हा. ही सगळी सरकारी साइटवर फुकट आहेत, पैसे मागणाऱ्या नकली साइटी खूप आहेत, त्यांनी बरोबर लिंक व्हॉट्सअॅपवर पाठवली. हे एजंटच्या कामात मोडत नाही तरी केलं, मला त्याचंच जास्त कौतुक वाटलं.

कमी काय, तर सर्व्हिस चार्ज इतवारीपेक्षा जास्त आहे, पार्किंग अजिबात नाही अन् दुपारी दीड ते तीन कोणी फोन उचलत नाही. पण परतीच्या वेळी सिंगापूरच्या क्रूझ सेंटरवर काउंटरवाल्यानं पासपोर्ट पाहिला अन् मिनिटभरात आम्ही बाहेर, तेव्हा मला त्या बंदरांच्या कागदाचीच आठवण आली.

आता आमच्या शेजारच्या काकूंनाही तिथेच पाठवलंय, त्यांची क्रूझ ग्रीसहून निघून मध्ये तुर्कीला थांबते अन् परत ग्रीसला येते. त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं की शेंगेन व्हिसा (ग्रीस धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) मल्टिपल एन्ट्रीचाच मागायचा, तुर्कीत गेलं की शेंगेनच्या बाहेर पडलात, अन् प्रवासाचा मेडिकल विमा किमान ३०,००० युरोचा पाहिजे. काकूंचे कागद जमवणं चालू आहे, पुढच्या सोमवारी सकाळी त्यांना घेऊन मीच जाणार आहे, दीडच्या आत.