कस्तुरचंद पार्कचा दसरा: गावाहून फटाके पाहाले जाणाऱ्यांसाठी

सरळ सांगतो, नागपूरले फटाके पाहाले जायचं असन अन् सोबत लेकरं-म्हातारे असतीन तर ३१ डिसेंबरच्या नादी लागू नका, दसऱ्याले कस्तुरचंद पार्कवर जा. माझ्याकडून ५ पैकी ४. एक मार्क कापला थो सुटतानाच्या गर्दीचा, त्याच्यावर खाली येतोच.

पहिली गोष्ट म्हणजे फुकट हाय. दसऱ्याच्या टायमाले आमच्याकडं सोयाबीन काढणी सुरू रायते, मजूर भेटत नाई, कापसाचा पैसा अजून पराटीलेच लटकलेला, अशात घरातल्या पाच-सहा जणाईचं तिकीट काढून कोण करमणूक करन? इथं पास नाई, कुपन नाई, मैदानात जा अन् उभे राहा. दुसरी गोष्ट म्हणजे लवकर आटपते. अंधार पडला का रावण, कुंभकर्ण, मेघनादाचे पुतळे पेटतात, त्याच्या आगेमागे आतषबाजी, अन् तशेही रात्री दहाच्या नंतर फटाके वाजवाले बंदीच हाय. म्हणजे जेवणाच्या टायमाले मोकळे. ३१ डिसेंबरले तुम्ही थंडीत बारा वाजेपर्यंत लेकरं जागवत बसा, अन् कोर्टाच्या नियमानं फटाक्याले टाइम किती तर ११:५५ ते १२:३०. इतक्यासाठी कोण एवढ्या दूर जाईन बावा.

आता उभं कुठं राहाचं. लोकं येतात अन् सरळ समोर घुसतात, पुतळ्याच्या जेवढं जवळ जाता येईन तेवढं, अन् मंग लेकरू खांद्यावर घेऊन मान वर करून बसतात. समोर काहीच दिसत नाई. तिथं खुर्च्या पाहुण्याईच्या, त्याच्या मागं बांबू, बांबूच्या मागं पोट्टे मोबाइल वर करून उभे, तुम्हाले दिसतात फक्त मोबाइल. वर जाणारे फटाके तर जेवढे दूर राहाल तेवढे पुरे दिसतात, जवळून निस्तं डोक्यावर भडका अन् डोळ्यात राख. मैदान मोठं हाय, मधात जुनी दगडी छत्री हाय, त्याच्याही मागं, कडेच्या रस्त्याच्या बाजूनं जागा धरा. वारा पाठीवर पाहिजे हे लक्षात ठेवा, म्हणजे धूर तुमच्यापासून दूर जाते. अगरबत्ती पेटवून पाहा नाहीतर मूठभर माती सोडून पाहा, धुऱ्यावर उभं राहून फवारणी करणाऱ्याले हे शिकवाची गरज नाई.

मागं उभं राहाचा अजून एक फायदा. उजेड आधी दिसते अन् आवाज मागून येते, तो फरक लेकराईले लय आवडते. आवाज सेकंदाले साधारण ३४० मीटर जाते, तर उजेड दिसल्यावर "एक" म्हणून होत नाई तोच धडाका कानावर आला का समजाचं आपण दीड-दोनशे मीटरवर आहोत. माझ्या पुतणीनं तोच खेळ लावला होता, प्रत्येक फटाक्याले मोजत बसली, रावण कधी पेटला तेही पाहलं नाई तिनं.

आतषबाजी कशी असते म्हणान तर मोठ्या शहराच्या मानानं ठीकठाक, पण आमच्या गावच्या देवीच्या यात्रेतल्या चार रॉकेटच्या मानानं भल्ली. लाल अन् सोनेरी रंग मस्त उघडतात, निळा फिकाच दिसते. निळा रंग तांब्याच्या क्षारातून काढतात अन् तो साऱ्यात अवघड असते, ज्वाला थोडी जास्त तापली का रंग उडून जाते, म्हणून फटाकेवाल्याले शिव्या देऊ नका. लाल येते स्ट्रॉन्शियममुळं, पिवळा सोडियममुळं, म्हणजे मिठातला जो सोडियम तोच. हिरवा येते बेरियममुळं, पण बेरियमवाल्या फटाक्याईवर सुप्रीम कोर्टाची बंदी हाय. अन् हे ग्रीन फटाके ग्रीन फटाके म्हणतात ना, थे काढले कोणं? आपल्या नागपूरच्या नीरीनं. नेहरू मार्गावर पर्यावरण संशोधनाची मोठी सरकारी संस्था हाय, १९५८ पासूनची. साध्या फटाक्यापेक्षा धुराचे कण साधारण ३० टक्के कमी निघतात असा त्याईचा हिशोब. बाकीचे ७० टक्के तर निघतातच, त्यामुळं दमेकऱ्यानं ग्रीन लिहिलं हाय म्हणून बिनधास्त जवळ जाऊ नये.

पुतळा पेटतो तेव्हा खरी मजा असते. आतून बार भरलेले रायतात, पोटात एक, खांद्यात एक, असे फुटत जातात अन् मंग सांगाडा एका बाजूले कलंडतो. पाऊस झाला असन तर मात्र पेटाले टाइम लागते, ऑक्टोबरातला परतीचा पाऊस कोणाले चुकला, तेव्हा आभाळ पाहूनच निघा.

जायचं कसं. आमच्यासारखे समुद्रपूर-हिंगणघाटकडचे असान तर जाम चौरस्त्यावरून बुटीबोरी, तिथून खापरी. गाडी शहरात घालूच नका. खापरीले मेट्रो स्टेशन हाय, तिथं गाडी ठेवा अन् ऑरेंज लाइननं सरळ या. सीताबर्डी, मंग झिरो माइल, मंग कस्तुरचंद पार्क, स्टेशनाचं नावच मैदानाचं हाय, चुकाचा प्रश्न नाई. हिंगण्याकडून येणाऱ्यानं लोकमान्य नगरहून बसून सीताबर्डीले गाडी बदलाची. लेकराईले मेट्रोच अर्धी जत्रा वाटते, आमचे तर सरकता जिना चढून-उतरून थकले. एसटीनं येणार असान तर बायाईले अर्ध तिकीट हाय, ७५ च्या वरच्याईले फुकट, फक्त म्हाताऱ्याईनं आधार कार्ड खिशात ठेवा, कंडक्टर मागतो. गणेशपेठच्या बसस्टँडवर उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या गाडीचं खिडकीवर इचारून घ्या, सणाच्या दिवशी कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

आता तो कापलेला मार्क. कार्यक्रम सुटला का सारी गर्दी एकदमच कस्तुरचंद पार्क स्टेशनाकडं पळते. जिन्यावर अशी रेटारेटी का लेकराचा हात सुटला तर देवच मालक. बाहेर निघाले गेट कमी, अन् लाउडस्पीकरवर शुभेच्छाच चालू, रस्ता कोणता मोकळा हाय थे कोणी सांगत नाई. उपाय असा का तिथं चढूच नका. वीस मिनिटं मैदानातच बसा, गुपचूप (म्हणजे पाणीपुरी) खा, मंग पायदळ झिरो माइलवरून सीताबर्डीले या, तिथं दोन्ही लाइनीच्या गाड्या भेटतात. रस्त्यात तो चार घोड्यावाला झिरो माइलचा खांब लागते, लेकराईले दाखवा. पण रमत बसू नका, मेट्रो रात्री दहाच्या आसपास आटपाले लागते. मेट्रोचं महाकार्ड असन तर तिकिटाची रांग वाचते.

एक मोठी गोष्ट लोकं इसरतात. त्याच दिवशी दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिन असते. बाबासाहेबाईनं १४ ऑक्टोबर १९५६ ले दीक्षा घेतली तो अशोक विजयादशमीचा दिवस, त्याच्यामुळं दसऱ्याले लाखोनं माणूस तिथं येते, पुऱ्या महाराष्ट्रातून अन् बाहेरूनही. म्हणजे रस्ते बदललेले, ऑटोवाले वाट्टेल थे भाडं सांगतात. याले त्रास समजू नका, उलट सकाळीच या अन् आधी तिकडं जा. मेट्रोच्या रहाटे कॉलनी स्टेशनावर उतरून पायदळ. स्तूप पाहा, अन् खास करून पुस्तकाईचे स्टॉल पाहा, जिकडं तिकडं पुस्तकंच, एवढे लोकं पोत्यानं पुस्तकं नेताना मी दुसरीकडं कुठं पाहले नाई. मी स्वतः संध्याकाळच्या फटाक्यापेक्षा त्या स्टॉलवर जास्त रमलो, घरचे बोंबलत होते तरी.

खाण्याचं. मैदानाबाहेर तर्री-पोहे, आलूबोंडा, मक्याचे कणसं, सारं भेटते. तर्री म्हणजे तिखटच रायन, लेकराईसाठी घरून पुऱ्या न्याव्या. पाणी घरूनच. संडास-बाथरूमचं विचाराल तर मैदानातलं नाव काढू नका, मेट्रो स्टेशनावरचं स्वच्छ हाय, जातानाच आटपून घ्या, बायाईनं तर नक्कीच. संत्रा बर्फी घ्यायची असन तर दुपारीच घ्या, रात्री दुकानात पाय ठेवाले जागा नसते.

गावात एक अडचण येते, सोनं वाटण्याची. संध्याकाळी आपट्याचे पानं घेऊन घरोघरी जाचं असते अन् आपण नागपुरात. आमची आई त्याच्यावरून दरवेळी तोंड फुगवते. आम्ही आता सकाळीच जवळच्या घराईले सोनं देतो अन् मोठ्या माणसाईच्या पाया दुसऱ्या दिवशी पडतो. चालते.

अन् हेही सांगतो, रावण जाळणं साऱ्याईलेच पटते असं नाई. गडचिरोलीकडं गोंड समाज रावणाले मानते, अकोला जिल्ह्यातल्या सांगोळ्यात तर रावणाची दगडी मूर्तीच हाय अन् तिची पूजा होते. सोबत कोणी तिकडचा सोयरा असन तर आधी इचारून घ्या, सणाच्या दिवशी वाद कायले.

बाकीच्या जागा थोडक्यात. ३१ डिसेंबरले साळ्यानं एका टेरेस हॉटेलचे पास काढले होते, नाव घेत नाई. जेवण गार, डीजे कानात, अन् बारा वाजले तर समोर दुसऱ्याच बिल्डिंगची पाण्याची टाकी. फटाके तर शेजारच्या गच्चीवरचे, म्हणजे थे खाली रस्त्यावरूनही तेवढेच दिसत होते. फुटाळा तलावाची चौपाटी पाण्यातल्या उजेडासाठी छान हाय, पण ३१ ले बंदोबस्त असते, गाड्या दूरच अडवतात, अन् संगीत कारंजं चालू असनच असं धरून जाऊ नका, त्याचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. सीताबर्डी किल्ल्यावरून फटाके पाहू असं कोणी म्हटलं तर हसा, किल्ला लष्कराच्या ताब्यात हाय, साध्या माणसाले वर्षातून २६ जानेवारी, १ मे अन् १५ ऑगस्टलेच सोडतात, तेही दिवसा.

ज्याच्या घरी लहान बाळ हाय, नाहीतर धुरानं ज्याले ठसका लागते, त्याईनं कस्तुरचंद पार्क सोडा अन् कार्तिकात रामटेकले जा. त्रिपुरी पौर्णिमेच्या टायमाले गडावर त्रिपूर पेटवतात, फटाक्यासारखा धडाका नाई पण खालून गावातूनही दिसते. नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर, पायऱ्या चढवत नसतीन तर रस्त्यानं गाडी वर जाते. फक्त दिवसाउजेडी वर जाल तर हातातली पिशवी सांभाळा, तिथले वानरं प्रसाद कोणाचा हाय थे इचारत नाई.