पूल पाहून परतू नका : आंभोरा, गोसेखुर्द आणि पवनी

नागपूरहून कुही-वेलतूरमार्गे आंभोऱ्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रविवारची रांग पाहिली, की वैनगंगेच्या खोऱ्याकडे शहराचे लक्ष उशिरा का होईना पण गेले, याचा मनापासून आनंद होतो. मात्र त्यातील बहुतेक मंडळी आंभोऱ्याच्या नव्या पुलावर छायाचित्रे काढतात, काठावर मासे खातात आणि दुपारी परत फिरतात. जे पाहण्यासारखे आहे त्याचा मोठा भाग अशाने सुटून जातो. म्हणूनच या सहलीचे परीक्षण एकट्या पुलापुरते न ठेवता आंभोरा, वैनगंगेवरचे गोसेखुर्द धरण आणि भंडारा जिल्ह्यातील पवनी अशा संपूर्ण पट्ट्याचे करणे मला योग्य वाटते.

आंभोरा हे कुही तालुक्यातील संगमाचे गाव आहे. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी अशा पाच नद्यांचा संगम येथे सांगितला जातो. टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर आहे आणि महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये 'विवेकसिंधू' याच काठावर रचला, असे या भागात परंपरेने मानले जाते. मराठवाड्यातील अंबाजोगाईचाही तसाच दावा असल्यामुळे अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही मराठीच्या आद्य ग्रंथांपैकी एकाशी या गावाचे नाव जोडलेले आहे, हे येथे येणाऱ्याला समजावे असा एकही नीटसा फलक पायऱ्यांच्या वाटेवर माझ्या पाहण्यात आला नाही. ज्या ठिकाणी पूल उभारण्यावर एवढा खर्च झाला, तेथे चार वाचनीय फलक लावणे अवघड नव्हते.

पुलाबद्दल मात्र मोकळेपणाने चांगलेच लिहिले पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये वाहतुकीला खुला झालेला, सुमारे ७०५ मीटर लांबीचा, मनोऱ्याला बांधलेल्या जाड तारांनी तोललेला हा केबल-स्टेड पूल नागपूर आणि भंडारा या दोन जिल्ह्यांना जोडतो. त्याच्या उंच मनोऱ्यात नदीचे विहंगम दृश्य दिसावे म्हणून गॅलरी बांधलेली आहे. पूर्वी ज्यांना पलीकडच्या गावी जायचे असे, त्यांना डोंग्यातून नदी ओलांडावी लागे किंवा मोठा वळसा घालावा लागे. त्यामुळे या पुलाचे खरे मोल पर्यटकांपेक्षा शाळकरी मुलांना, शेतकऱ्यांना आणि दवाखान्यात जाणाऱ्या बायाबापड्यांना अधिक आहे. पाहायला येणाऱ्यांनी भर रस्त्यात गाडी उभी करून या रहदारीला अडथळा आणू नये. रविवारी नेमके हेच घडताना दिसते. गाड्या उभ्या करण्याची पुरेशी, सावलीची जागा ही येथील पहिली गरज आहे.

पुलावरून जे दिसते त्याहून किती तरी अधिक टेकडीच्या पायऱ्यांवरून दिसते. गोसेखुर्द धरणाचे पाणी मागे तुंबल्यामुळे संगमाचे रूप पालटले असून पात्र तळ्यासारखे विस्तारले आहे. सकाळी लवकर पोहोचल्यास काठालगत उथळ पाण्यात उभे राहून फेकजाळे टाकणारे ढिवर दिसतात. जाळ्याची एक कड दातांत धरायची, उरलेला घेर दोन्ही हातांवर नीट वाटून घ्यायचा, कमरेतून वळून तो असा फेकायचा की पाण्यावर पडताना पूर्ण गोल उघडला पाहिजे आणि मग कडेच्या शिशाच्या मण्यांच्या वजनाने जाळे तळाला जाईपर्यंत दोरी सैल सोडून थांबायचे. जाळे ओढताना घाई केली तर मासे खालून निसटतात, हे जवळ उभे राहिल्यावरच लक्षात येते. माझ्या मते आंभोऱ्याला पाहण्यासारखी पहिली गोष्ट ही आहे, आणि तिला तिकीट नाही.

नौकाविहाराची सेवा मध्यम दर्जाची वाटली. नावाडी पाण्याचे जाणते आहेत, कोणत्या बाजूला बुडालेल्या झाडांचे खुंट आहेत आणि कोठे वारा उलटतो हे त्यांना न सांगता कळते. ज्या बोटीत मी बसलो, तेथे जीवरक्षक जॅकेट मागितल्यावरच मिळाले आणि लहान मुलांच्या मापाचे एकही नव्हते. दराचा फलकही दिसला नाही, भाडे विचारूनच ठरवावे लागले. वैनगंगेच्या पात्रात डोंगा उलटल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचलेल्या असताना ही ढिलाई चालवून घेता कामा नये. जॅकेट घातल्याशिवाय बसणार नाही, असे प्रत्येक प्रवाशाने ठामपणे सांगावे आणि बोटीत ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त माणसे घेऊ देऊ नयेत.

जेवणाबाबत तक्रारीला फारशी जागा नाही. काठावरच्या साध्या खानावळींत मासे समोर निवडून घेता येतात. झिंगे मिळाले तर तेच घ्यावेत. कांद्याच्या वाटणात, लाल तिखटात आणि कमी पाण्यात परतलेले येथील झिंगे शहरात सहसा मिळत नाहीत. रस्सा झणझणीत असतो आणि त्यासोबत भातच हवा, कारण हा धानपट्टा आहे. शाकाहारी मंडळींसाठी पर्याय मोजके आहेत, पण लाखोरीच्या डाळीचे वडे कोठे तळताना दिसले तर जरूर थांबावे. हात धुण्याची सोय आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह या दोन बाबतींत मात्र परिस्थिती निराशाजनक आहे. कुटुंबासह जाणाऱ्यांनी कुहीतच थांबून पुढे निघावे.

एक गोष्ट नागपूरकर म्हणून लिहिणे भाग आहे. शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते. म्हणजे आपल्या मोऱ्यांतून वाहून जाणारे पाणी येथील ढिवरांच्या जाळ्याखाली आणि पुढे धरणाच्या जलाशयात पोहोचते. काही ऋतूंत काठाला हिरवट साय धरते आणि वास येतो, त्याचे कारण काठावरच्या गावांत शोधण्यात अर्थ नाही. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे १,९२७ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला केंद्राची मान्यता मिळालेली आहे. तो वेळेत पूर्ण व्हावा, यासाठी आंभोऱ्याची वाट तुडवणाऱ्या शहरवासीयांनी आग्रह धरला पाहिजे. संगमावर पाण्यात उतरून आंघोळ करण्याचा सल्ला मी देणार नाही.

गोसेखुर्द धरणावर फार वेळ घालवण्याची आवश्यकता नाही. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झालेला हा प्रकल्प २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प ठरला. त्याचे ३३ दरवाजे पावसाळ्यात उघडलेले पाहणे भव्य असते, पण त्या दिवसांत पुराच्या सूचना पाळूनच जावे. इतर वेळी जलाशयाच्या कडेने दिसणारे पक्षी हेच आकर्षण आहे. पाणकावळे वठलेल्या झाडांवर पंख पसरून बसलेले असतात आणि हिवाळ्यात बदकांचे थवे उतरतात. या पाण्याखाली अनेक गावांची घरे आणि शेते गेली आहेत, हे येथे कोठेही लिहिलेले नाही. पुनर्वसित वस्तीतील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलल्यास त्यांच्या गावाचा पार कोणत्या दिशेला होता, ते बोट दाखवून सांगतात.

पवनी हा या सहलीचा सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या दृष्टीने सर्वांत समृद्ध भाग आहे. मातीची जुनी तटबंदी, खंदक आणि दगडी दरवाजा असलेले हे गाव विदर्भाची काशी म्हणून ओळखले जाते, ते येथील मंदिरांच्या संख्येमुळे. वैनगंगेच्या काठावरील वैजेश्वराचा घाट सायंकाळी अतिशय रम्य असतो. विदर्भाच्या अष्टविनायकांत गणला जाणारा पंचमुखी सर्वतोभद्र गणेशही येथेच आहे. पण मंदिरांच्याही कितीतरी आधीचा इतिहास या मातीत आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी जगन्नाथ टेकडीवर केलेल्या उत्खननात मोठा बौद्ध स्तूप उघडकीस आला. भारहुत आणि सांचीच्या तोडीची परंपरा आपल्या घरापासून दोन तासांच्या अंतरावर आहे, ही जाणीव नागपूरच्या प्रत्येक शाळेने मुलांना एकदा तरी तेथे नेऊन द्यावी. टेकडीवर पाहण्यासारखे आज फार थोडे शिल्लक दिसते, म्हणून जाण्यापूर्वी थोडे वाचून जाणे किंवा माहीतगार सोबत घेणे श्रेयस्कर ठरते.

परतताना भिवापूर-उमरेड मार्ग धरावा. या रस्त्यालगत २०१२ मध्ये घोषित झालेले उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य आहे. सफारी करायची असेल तर आरक्षण आधीच करावे लागते आणि त्यासाठी वेगळा दिवस राखून ठेवावा. नदी आणि जंगल एकाच दिवसात कोंबले तर दोन्ही अर्धवट राहतात. हंगामात भिवापूर, कुही आणि मांढळ भागातील मिरचीच्या सातऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या मोकळ्या जागांवर, लाल मिरचीचे ढीग वाळत असतात आणि देठ खुडणाऱ्या बायांची बोटे दिवसभर चालू असतात. भौगोलिक मानांकन लाभलेली भिवापुरी मिरची घरासाठी तेथूनच घ्यावी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. एप्रिल-मे महिन्यांत काठावर सावली जवळजवळ नसल्याने वृद्ध आणि लहान मुलांना नेणे टाळावे. सकाळी सहाच्या सुमारास नागपूर सोडावे, आंभोऱ्याला ऊन चढण्याआधी पोहोचावे, दुपारचे जेवण तेथेच घ्यावे आणि दिवस मावळण्याआधी पवनीच्या घाटावर असावे. वाहन स्वतःचे हवे, कारण या तिन्ही ठिकाणांना एका दिवसात जोडणारी सोयीची एसटी मिळणे कठीण आहे.